उंबरपाड्यातली पुढची जागा

रेवा, अनय,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी पुन्हा एकाच वेळी विचारलंत, "आजी, पास झालीस का?" आणि मी "लिहून कळवते" म्हणाले. त्यावर तुमच्या आईचा चेहरा पडला, म्हणजे तिनं मनातल्या मनात निकाल लावून टाकला. निकाल शेवटी येईलच. पण तो कसा लागला हे कळायला डहाणू-तलासरीचा तो भाग डोळ्यांसमोर यायला हवा, आणि तुम्ही तिकडे कधी गेला नाहीत. म्हणून क्रमानं सांगते. मला क्रमाशिवाय काही सांगता येत नाही, हे तुम्ही जाणताच.

आधी परीक्षा कसली, ते. ताई ची हा चिनी व्यायाम शिकवणारं माणूस कसं तयार होतं, याची आमच्या दिवेकर सरांकडे एक ठरलेली वाट आहे. पहिली काही वर्षं फक्त सरांच्या मागे उभं राहायचं आणि त्यांची पाठ बघत हलायचं. सर समजावून सांगत नाहीत. "पाठ जे करते ते करा," एवढंच म्हणतात. मग तुम्हाला मागच्या कोपऱ्यात नेतात. संथ हालचालींचा जो क्रम आम्ही करतो, त्याला फॉर्म म्हणतात. तो मध्येच उलट दिशेला वळतो. वळल्यावर पुढे असलेले सर सगळ्यांच्या मागे पडतात, आणि नवख्यांना बघून करायला समोर कोणीतरी लागतं. कोपऱ्यातलं माणूस त्यासाठी. त्यानंतर 'आरसा': वर्गाकडे तोंड करून सगळं उजव्याचं डावं करून दाखवायचं. याचा मला फार त्रास झाला. एकदा उलट्या हातानं भाकरी थापून बघा, म्हणजे कळेल. आणि सगळ्यात शेवटी, अनोळखी वर्गापुढे पाच सकाळी एकटीनं उभं राहायचं. पाचव्या दिवशी सर येऊन बसतात, आणि त्या दिवशी तुम्ही तोंडातून शब्द काढायचा नाही. वर्ग नुसता तुमच्या अंगाकडे बघून चालला, तर तुम्ही शिक्षक.

माझ्या वाट्याला आलेला वर्ग तलासरीच्या पुढे, डोंगराकडच्या उंबरपाड्यात होता. तो सरांच्याच विद्यार्थिनीनं, माणिकताईंनी, उभा केला होता. त्या त्याच भागात नर्स होत्या. गेल्या पावसाळ्याच्या आधी त्या वारल्या.

"तू पास झालीस तर दर महिन्याला जाऊन तो वर्ग सांभाळायचास," सर म्हणाले. "नाही झालीस तर मी तो बंद करणार. शिक्षकाशिवाय चाललेल्या वर्गात काय काय शिरतं, ते सांगता येत नाही."

म्हणजे माझ्याबरोबर त्या बायकांचाही निकाल लागायचा होता. मी माणिकताईंना कधी भेटले नव्हते. त्यांचा फोटोसुद्धा पाहिला नव्हता.

घोलवड

राहायची सोय माणिकताईंच्या भावजयीकडे, कुंदाताईंकडे होती. घोलवडला त्यांची चिकूची वाडी आहे. हंगाम भरात होता. ओट्यावर क्रेट लागलेले, मोठा चिकू वेगळा, बारका वेगळा, आणि सगळ्या घराला गूळ नुकताच कढईतून उतरवल्यासारखा वास. पुण्याला आपण पाहुण्याला आधी पाणी देतो. इथे आधी चिकू हातात देतात आणि तुम्ही तो दाबून बघता का, यावर तुमची किंमत ठरते. मी दाबून बघितला. कुंदाताई हसल्या. "शहरातलेच तुम्ही. दाबलेला चिकू आम्ही परत घेत नाही, आता खा."

माझा मोबाईल मात्र गोंधळला होता. घरात महाराष्ट्र, विहिरीपाशी गेलं की 'गुजरातमध्ये आपलं स्वागत आहे'.

चिकूची झाडं दाट आणि जमिनीपर्यंत वाकलेली असतात. चार वाजताच वाडीत संध्याकाळ होते. कुंदाताई मला आत घेऊन गेल्या. दोन ओळींच्या मधे घोंगडीएवढी जागा सारवल्यासारखी गुळगुळीत होती.

"वन्सं इथं करायच्या, सकाळी," त्या म्हणाल्या. "त्या गेल्यापासून मी इथं झाडू घातला नाही. हात होत नाही."

सगळीकडे घोट्यापर्यंत वाळकी पानं होती. त्या जागेवर एकही नव्हतं.

"मग पानं कोण काढतं?"

"तेच मी पण बघते," कुंदाताई म्हणाल्या, आणि गवती चहा तोडायला वळल्या.

उंबरपाडा

कुंदाताईंच्या ओळखीचा इको गाडीवाला मला रोज उजाडायच्या आत न्यायचा. हायवे ओलांडला की नारळ-ताड मागे राहतात, मग माळ, गवताच्या गंजी आणि एकमेकींपासून फटकून असलेली घरं. धुकं इतकं की गाडीच्या दिव्यात फक्त रस्त्याची कडा दिसत होती.

वर्ग खळ्यावर भरतो. भाताची झोडणी संपलेली, खळं शेणानं सारवलेलं, घट्ट. मी पोचले तेव्हा बायकांनी सुरुवात केलेली होती. गुडघ्यापर्यंत नेसलेली लुगडी, अनवाणी पाय, ओळीमागे ओळ, आणि कुणाच्याही तोंडून अवाक्षर नाही. आपल्या बागेतल्या वर्गात गुडघेदुखीच्या चर्चेशिवाय पान हलत नाही. इथे फक्त पावलं सरकल्याचा आवाज, सुपात धान्य फिरवल्यासारखा. समोर कोणीही नव्हतं. पुढे एका माणसाची जागा सोडलेली होती आणि सगळ्या जणी तिच्याकडे बघून करत होत्या.

मी मागे थांबून पाहत राहिले. मधेमधे सगळ्या थांबत. एका थांब्यात दुसऱ्या ओळीतल्या बाईनं पाऊल किंचित आत घेतलं, कोणी पायानं हलकेच सरकवावं तसं, आणि मान डोलावली. मग फॉर्म वळायच्या ठिकाणी आला. सगळ्या अर्ध्या वळल्या आणि थांबल्या. त्यांची डोकी हळूहळू डावीकडून फिरू लागली. नजरा खळ्याच्या काठानं चालल्या होत्या, म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं, सगळ्यांच्या एकदम. त्या माझ्यापाशी आल्या, माझ्यावरून पुढे गेल्या आणि पलीकडच्या टोकाला जाऊन थांबल्या. तेव्हा कुठे बायकांनी पुढची हालचाल केली.

मी काठावर उभी होते. का कोण जाणे, मी एक पाऊल मागे सरून वाट दिली होती.

संपल्यावर मात्र त्या नेहमीच्या बायका झाल्या. पुढच्या ओळीतली जानकी, चाळिशीची, वर्ग तीच एकत्र ठेवत होती. आणि चैती नावाची एक म्हातारी, तोंडात दात मोजकेच, पण बोलणं धारेचं.

"बाय, हा पायजमा कोनाचा? घरवाल्याचा?" चैतीनं माझ्या पांढऱ्या विजारीकडे बघून विचारलं.

"माझाच. घरवाले गेले माझे."

"मंग तुमचाच. आमचा गेला तवा सदरा पन नाय ठेवला त्याच्या भावानं."

सगळ्या हसल्या. त्या या प्रकाराला 'हळू' म्हणतात. "उद्या हळू हाय का?" असं विचारतात. या भागात जमिनीचे धक्के सारखे बसायला लागले, लोक घरं सोडून शेतात ताडपत्रीखाली झोपू लागले, तेव्हा झोप उडालेल्या बायकांना नर्सबाईंनी पहाटे खळ्यावर उभं केलं आणि पाय जमिनीत कसे सोडायचे ते शिकवलं. तेव्हापासून चाललंय.

जानकीच्या ओसरीवर कोरा चहा घेताना मी त्या थांब्याबद्दल विचारलं.

"नर्सबाय चालायची ना तवा," ती सरळ म्हणाली. "आमच्यात तारपा वाजवनाऱ्याला पाठ दावत नाय. नाचताना पन नाय. मंग हळूमधी वळायचा आला तवा आमी वळूच ना. बाय वैतागली. मंग म्हनली, बरं, मीच येते फिरून. आमी थांबायचो, ती काठानं चालून पुढं यायची. मंग आमी वळायचो."

"आता?"

"आता पन थांबतो."

तिनं एवढंच सांगितलं, आणि चहात अजून गूळ घालू का, असं विचारलं.

चहानंतर खळ्यावर परत येऊन मी पुढे उभी राहिले आणि एकदा फॉर्म करून घेतला. वळणावर मी चालले नाही. आमच्या सरांच्या फॉर्ममध्ये तसं चालणं नाही, आणि मी नियमानं शिकलेली बाई. त्या थांबल्या, नजरा काठानं गेल्या, त्या वळल्या. आता मी त्यांच्या मागे होते आणि सगळ्या पाठी मला दिसत होत्या. बाळांनो, वीस-पंचवीस पाठी होत्या, बारीक, जाड, पोक आलेल्या. तरी मला एकच पाठ दिसली. डावा खांदा थोडा उतरलेला, डावा हात छातीपाशी येऊन थांबलेला, मान त्या बाजूला झुकती घेतलेली. ढगांचे हात म्हणून एक हालचाल आहे. त्यात दोन्ही तळवे आळीपाळीनं डोळ्यांसमोरून जातात. यांचा उजवा जात होता. डावा सगळ्यांचाच छातीपाशी अडत होता. पोरसवदा मुलींचासुद्धा.

मी ओळखलं की ही चूक आहे आणि ती मला दुरुस्त करायची आहे. पुण्याहून निघताना सामान भरावं तसं मी मनातल्या मनात काम वाटून घेतलं: उद्या डावा हात.

दुसरी सकाळ

मी आरसा करून दाखवला. "हात इथे थांबवायचा नाही, डोळ्यांपर्यंत न्यायचा. बघा." बायका एकमेकींकडे बघत होत्या. जानकी म्हणाली, "बाय सांगते तर करा." सगळे डावे हात वर आले. डोळ्यांपर्यंत.

तेवढ्यात जमिनीच्या पोटातून दणका आला. दूर कुठे सुरुंग लागावा तसा आधी आवाज, मग तळपायातून वर चढत गेलेली थरथर. कौलं वाजली, कोंबड्या पांगल्या, जानकीच्या ओट्यावरचा हंडा हिंदकळला. सगळं मिनिटभराच्या आत. त्या भागात धक्के कधीही येतात. मी घाबरले ते वेगळ्या कारणानं. धक्क्याला कोणी बाई घाबरली नव्हती. त्या सगळ्या आपापल्या वर गेलेल्या डाव्या हाताकडे बघत होत्या. मग एकेक करून हात खाली आले.

"काल नाय झाला," चैती म्हणाली. "परवा पन नाय. लय दिवस नाय झाला."

मी म्हटलं, "धक्क्याचा आणि हाताचा काय संबंध?"

"मी कुठं म्हनली संबंध?"

त्या दिवशी पुढे एकही हात वर गेला नाही. मी सांगितलं की त्या आदरानं ऐकत, मान हलवत, आणि हात छातीपाशी थांबे.

संध्याकाळी मी हे कुंदाताईंना सांगितलं. रस्त्यावरून आणलेला उंबाडिया त्या ताटलीत काढत होत्या. मडकं उपडं करून विस्तवात भाजलेले कंद, पापडी आणि पाल्याचा धुरकट वास. घास तोंडात असतानाच त्यांनी सांगितलं. माणिकताईंच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं, डाव्या बाजूचं. त्यानंतर तो हात छातीच्या वर जात नसे. त्यांनी पुण्याला सरांना कळवलं नाही. कळवलं असतं तर सरांनी शिकवणं थांबवायला लावलं असतं, अशी त्यांना भीती होती.

"म्हणजे त्या बायकांनी दुखणंच शिकून घेतलं," मी म्हणाले.

"पाठ जे करते ते करा," कुंदाताई म्हणाल्या. "वन्संच सांगायच्या, तुमच्या सरांचं वाक्य."

मी ताटली खाली ठेवली.

तिसरी सकाळ, आणि संध्याकाळ

मी बायकांना खरं सांगायचं ठरवलं. खळ्यावर सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं की नर्सबाईंचा हात दुखण्यानं अडला होता, शिकवायचं होतं ते वेगळं.

कोणाला आश्चर्य वाटलं नाही.

"आमाला ठावं हाय," जानकी म्हणाली. "आधी जायचा ना हात वर. आमचा पन जायचा. मंग ती आजारातनं आली, तिचा थांबला. पुढल्याचा हात थांबला तर मागल्याचा वर कसा जाईल?"

"पण आता त्या नाहीत."

"तेच ना," चैती म्हणाली. तिनं मला लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. "ती गेली तवा हात खाली होता. वर न्यायला सांगितलाच नाय तिनं. आता कोन सांगल?"

"मी सांगते आहे की."

"तुमी तोंडानं सांगता, बाय."

आणि पाचव्या दिवशी तर तोंडही बंद राहणार होतं.

संध्याकाळी, अजून उजेड असताना, मी वाडीत त्या मोकळ्या जागेवर सराव करायला गेले. दुसरीकडे पाय टाकायला जागा नव्हती, सगळीकडे पानं आणि क्रेट. डोळे अर्धे मिटून मी फॉर्म सुरू केला. चांगला चालला होता. तळपाय जड, श्वास शांत. मागून कुंदाताईंचा आवाज आला, अगदी रोजचा, घाईचा:

"वन्सं, चहा ओतलाय, निवतोय बघा."

मी वळले. त्या कपबशी घेऊन उभ्या होत्या. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"तुमचा हात," त्या म्हणाल्या.

मी खाली बघितलं. उजवा तळवा डोळ्यांसमोर होता. डावा छातीपाशी थांबलेला होता. मी तो वर न्यायला गेले. दुखलं नाही, कळ आली नाही. तो जात नव्हता, इतकंच. बंद दार दुसऱ्या बाजूनं कोणी नुसतं पाठ टेकून उभं राहिल्यामुळे उघडू नये, तसा.

धाकटी डहाणू

चौथ्या दिवशी खळ्यावरही तेच झालं. मी पुढे होते, माझा डावा हात छातीपाशी थांबत होता, आणि पहिल्यांदाच बायका माझ्याबरोबर अगदी एका लयीत हलत होत्या. आदल्या दिवशीपर्यंत त्या माझ्या किंचित पुढे असायच्या. मला वाटायला हवं होतं समाधान. वाटली भीती.

दुपारी मी डहाणूत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हात वर, खाली, मागे फिरवून बघितला. सगळीकडे गेला. "आजी, तुमचा खांदा माझ्यापेक्षा बरा आहे," ते म्हणाले. तिथून रिक्षानं धाकट्या डहाणूला गेले, नुसतं मोकळ्यावर बसायला. खाडीला ओहोटी होती. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं, ओळीच्या ओळी. वारा आला की सगळे एकदम एकीकडे वळत. मला ते फार वेळ बघवेना.

बोंबील उलटणाऱ्या कोळणीनं विचारलं, "कोणाकडं आलीस गो?"

"कोणाकडे नाही. हात बघतेय माझा."

"जोतिषी हायस काय?"

मी तिथेच ढगांचे हात करून बघितले. डावा सहज वर गेला, डोळ्यांपर्यंत, कपाळापर्यंत. कोळीण बघत होती. "माशा हाकलतेस तर जोरात हाकल," ती म्हणाली. किती दिवसांनी मी मनापासून हसले. परत निघताना चिखलात माझा एक कापडी जोडा गेला तो गेलाच. खाडीनं तो गिळला, आणि दुसरा मी कोळणीच्या सल्ल्यानं तिथेच टाकला. "एकाला काय पूजतेस?"

इकोत बसल्यावर मला एक गोष्ट कळली. मी चार दिवस त्या जागेवर उभी राहिले होते, पण जागा घेतली नव्हती. तोंडानं सांगत होते. वळणावर चालले नव्हते. म्हणजे पुढे अजून माणिकताईच होत्या, आणि मीसुद्धा त्यांच्या मागे उभी राहून शिकत होते. चैतीचं म्हणणं तेच होतं. सर बघणार होते ते तेच. माझा हात खळ्यावर छातीपाशी थांबला, तर सर वर्ग बंद करतील. त्या बायका तरी पहाटे येत राहतील, थांबत राहतील, काठाकडे बघत राहतील, आणि येणाऱ्या मुली ते शिकतील.

शेवटची सकाळ

सर पुण्याहून रात्रीच्या मुक्कामाला डहाणूत आले होते. सकाळी त्यांच्यासाठी जानकीनं लाल प्लास्टिकची खुर्ची मोहाच्या झाडाखाली ठेवली, खळ्यापासून बऱ्यापैकी लांब. सरांचा गुडघा वाईट आहे, एकदा बसले की ते सहज उठत नाहीत. कुंदाताई त्यांच्याजवळ उभ्या होत्या. धुकं होतंच.

मी अनवाणी पुढे जाऊन उभी राहिले. सारवण गार होतं. मी काही बोलले नाही. सुरू केलं.

पहिल्या भागात काही वेगळं झालं नाही. मागून सुपात धान्य फिरल्यासारखा आवाज येत होता. वळण आलं. मागचा आवाज थांबला. मी हात खाली सोडले, आणि ज्याची आमच्या फॉर्ममध्ये जागा नाही ते केलं. काठानं चालायला लागले.

खळ्याचा फेरा तो केवढा. पण मला तो लांब वाटला. बायकांच्या नजरा माझ्याबरोबर येत होत्या, जानकीची, पोरींची, सगळ्यांची. मी एकेकीच्या डोळ्यांत बघत गेले, कारण खाली बघायचं मला धाडस होत नव्हतं. चैती कोपऱ्यात होती. तिची नजर माझ्यावर नव्हती. ती माझ्या एक पाऊल मागे होती, आणि माझ्याच चालीनं पुढे सरकत होती.

मी मागे वळून बघितलं नाही. चालत राहिले. पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिले, त्यांच्याकडे पाठ केली. मग त्या वळल्याचं ऐकू आलं.

ढगांचे हात आले. उजवा डोळ्यांसमोरून गेला. डावा निघाला, छातीपर्यंत आला आणि थांबला. मी जोर लावला नाही. इतक्या वर्षांत एवढं शिकले आहे. थांबले. श्वास घेतला. तेव्हा कोपराखाली दोन बोटं लागली. सर वर्गात अशीच लावतात, अगदी हलकी, उचलत नाहीत, नुसती 'इथून' म्हणून सांगतात. हात वर गेला. छाती, गळा, हनुवटी, डोळे.

मागे कोणीतरी लांब श्वास सोडला. मग दुसरीनं. मला दिसत नव्हतं, पण लुगड्यांच्या पदरांची सळसळ झाली, सगळ्यांची एकदम, आणि जमीन शांत होती.

संपल्यावर मी मागे वळले तेव्हा जानकी रडत होती आणि चैती खाली वाकून खळ्याच्या काठाला हात लावून तो कपाळाला लावत होती, माझ्याकडे न बघता, माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत.

मी सरांकडे गेले. ते खुर्चीतच होते, मांडीवर चहाचा कप.

"सर, तुम्ही कोपराला हात लावलात."

"मी? मी इथून उठलोच नाही," सर म्हणाले. "उठवायला दोन माणसं लागतात मला." मग कुंदाताईंकडे बघून म्हणाले, "माणिकनं मला कळवलं नाही ते. मी थांबवलं असतं. बरं केलंन नाही कळवलं."

कुंदाताईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्यांच्या कपात अजून चहा ओतला.

वर्ग चालू राहिला. दर महिन्याला मी जाते, आणि मधल्या दिवसांत जानकी पुढे उभी राहते. सरांनी तिला मागचा कोपरा, आरसा काही न करवता थेट पुढे उभं केलं. हे त्यांनी कधी केलं नव्हतं. वळणावर ती काठानं चालते. मी तिला विचारलं, एकटी चालतेस का. "एकटीच हाय," ती म्हणाली. "आता एकटीच."

पुणे

तेव्हा निकाल असा: पास झाले. आईला सांगा आणि तिचा चेहरा कसा होतो ते मला कळवा.

सरांनी पुण्यातला मंगळवारचा वर्ग माझ्याकडे दिला आहे. नवीन मंडळी, बरीचशी निवृत्त, फार बोलणारी. काही आठवडे झाले, फॉर्म त्यांना जमू लागला आहे. मागच्या मंगळवारी वळणावर मी त्यांच्या मागे पडले आणि त्यांच्या पाठी बघितल्या. सगळ्यांची मान थोडी डावीकडे वळलेली होती, उजवा कान पुढे केल्यासारखी. सगळ्यांची. बँकेतले साने, त्यांच्या मिसेस, गुजराती बहिणी, सगळे जण एकच काहीतरी ऐकत असावेत तसे.

तुमच्या आईला मी व्हिडिओवर विचारलं. ती म्हणाली, "आई, तू कितीतरी दिवस अशीच बसतेस. डाव्या कानानं कमी ऐकू येतं ना तुला? आम्हाला वाटलं तुला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. या मंगळवारी मी सुरुवातीपासून मान सरळ ठेवली, भिंतीवरच्या एका खिळ्यावर नजर धरून, शेवटपर्यंत. वळणावर बघितलं. त्यांच्या माना अजून डावीकडेच होत्या. पुढच्या मंगळवारी मी पुन्हा सरळ ठेवणार आहे, आणि त्याच्या पुढच्याही. आता पुढे मी उभी असते, तेव्हा ते माझ्यावरच आहे.

तुमची
आजी